कागद कुणाकडं आहे?

रविवारी मिस्सा संपली की मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो. छत्रपती संभाजीनगरात तो मी कितीतरी वर्षं घेतला. दहा आज्ञा आणि सात संस्कार पाठ करून घेताना पोरं जांभया देत, पण सैतानाची गोष्ट निघाली की मागच्या बाकावरचीसुद्धा पुढे सरकत. त्यांच्यासाठी म्हणून मी सैतानाशी सौदा करणाऱ्या माणसांच्या जुन्या कथा जमवायला लागले. युरोपातल्या कॅथलिक गावांनी त्या शेकडो वर्षं सांगितल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी कथांचा एक हट्ट आहे: आत्मा विकून बसलेल्या माणसालाही शेवटी कोणीतरी सोडवायचंच. हा हट्ट हळूहळू माझाही झाला. तो होत असताना जे उमगत गेलं, ते इथे मांडते.

१. सैतान शब्दाचा पक्का असतो. या कथा वाचताना मला पहिलं नवल याचंच वाटलं. तो फसवत नाही. जे द्यायचं कबूल केलं ते देतो, वेळेवर देतो आणि मग वसुलीला येतो. यातल्या सगळ्यात जुन्या आणि गाजलेल्या कथांपैकी एक थिओफिलसची, सहाव्या शतकातली म्हणून सांगतात. आजच्या तुर्कस्तानातल्या अदाना शहरात तो चर्चचा कारभारी होता. हिशेब चोख, गोरगरिबांचा वाली. बिशप वारले तेव्हा लोक म्हणाले, आता तूच बिशप हो. त्यानं नम्रपणे नकार दिला. नव्या बिशपांनी मात्र कोणाच्या तरी चहाड्या ऐकून त्याला कामावरून दूर केलं. ज्यानं मोठं पद आपणहून नाकारलं, त्याला धाकटं पद गेल्याचं दुःख सोसवेना. कथेतली ही जागा मला फार खरी वाटते. माणूस त्यागानं मोडत नाही, अपमानानं मोडतो. एका रात्री तो मांत्रिकाकडे गेला, त्याच्यामार्फत सैतानापुढे उभा राहिला आणि ख्रिस्ताला नि मरियेला आपण नाकारतो असं लिहून, मोहोर उठवून, कागद देऊन आला. लगेच पद परत मिळालं, मान परत मिळाला. (मूळ कथेत हा मांत्रिक ज्यू आहे. त्या काळच्या ख्रिस्ती समाजाचा ज्यूंविषयीचा आकस कथेत शिरलेला आहे. मुलांना सांगताना मी तो भाग गाळते आणि मोठ्यांना सांगताना मुद्दाम सांगते.)

मग पश्चात्ताप. चाळीस दिवसांचा उपवास, मरियेच्या मंदिरात रात्रंदिवस प्रार्थना. मरिया दिसते ती आधी रागावते, त्याला चांगली खडसावते आणि मग मध्यस्थी करते. एके सकाळी थिओफिलस जागा होतो तर तोच कागद त्याच्या छातीवर ठेवलेला. तो उठतो, भरल्या चर्चमध्ये बिशपांसमोर सगळं कबूल करतो, कागद जाळला जातो आणि थोड्याच दिवसांत तो शांतपणे जातो. नवव्या शतकात नेपल्समध्ये ही कथा ग्रीकमधून लॅटिनमध्ये आली, तेराव्या शतकात पॅरिसच्या रुतबफ या कवीनं तिच्यावर नाटक लिहिलं, आणि त्याच शतकात नोत्र दाम कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दारावर ती दगडात कोरली गेली. अक्षर न येणारा माणूसही दारातून आत जाताना मान वर करून ती वाचू शकत होता.

२. ही कथा कळायला धर्मशास्त्र लागत नाही, कर्ज लागतं. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी ती आजीला सांगितली होती. आजीला सही येत नव्हती. थिओफिलसनं लिहून दिलं इथवर आले आणि तिनं मला थांबवलं. “कागद कुणाकडं राहिला?” मी म्हटलं, सैतानाकडं. तिनं मान हलवली, जणू पुढचं सगळं तिला ठाऊक होतं. आमच्या आजोबांनी एका दुष्काळात सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. पैसे फिटले, पण कागद परत मिळाला नाही, आणि नदीकडची जमीन त्या कागदानं नेली. आजीच्या लेखी सैतानाला शिंगं आणि शेपूट असण्याची गरज नव्हती. तो ओसरीवर तक्क्याला टेकून बसत असे, नावानं हाक मारून पाणी विचारत असे आणि हिशेबाची वही नीट ठेवत असे.

पुढची गोष्ट ऐकताना ती सरसावून बसली. मरियेनं कागद आणून दिला म्हटल्यावर लगेच विचारलं, “नक्कल नव्हती ना त्याची दुसरी?” इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. क्षमा म्हणजे मनाला बरं वाटणं, अशी माझी समजूत असेल तर तिनं ती त्या एका प्रश्नात पुसली. तिच्या लेखी क्षमा म्हणजे मूळ कागद हातात येणं आणि त्याची नक्कल कुठेही शिल्लक नसणं. दर सप्टेंबरात मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. आमच्या वैजापूर-गंगापूरकडून गोदावरी ओलांडून माणसं जातात. ख्रिस्ती जातात तशी हिंदूही जातात. आजीही जायची. तिथं ती काय मागायची ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर मला अंदाज होता.

३. सैतानाला चकवण्याच्या कथा मला पूर्वी फार आवडायच्या, आता कमी आवडतात. स्वित्झर्लंडमध्ये ऊरी नावाच्या प्रांतात शॉलेनेनची घळ आहे. तिथला पूल सैतानानं बांधून दिला म्हणतात, या अटीवर की पहिला जो पलीकडे जाईल तो त्याचा. गावकऱ्यांनी बोकड पुढे हाकलला. जर्मनीत आखेनच्या कॅथेड्रलची कथाही तशीच, फक्त बोकडाच्या जागी लांडगा. मुलं टाळ्या पिटतात. पण यात कोणाचं काही बदलत नाही. गाव होतं तसंच राहतं, फक्त जरा जास्त बेरकी होतं.

पोलंडच्या त्वार्दोव्स्कीची कथा याहून खोल जाते. क्राकोव्हचा हा सरदार मोठा जादूगार. आपला आत्मा फक्त रोममध्ये घेता येईल अशी अट त्यानं करारात घातली होती आणि रोमला कधी जायचंच नाही असं ठरवलं होतं. एके रात्री तो एका खाणावळीत शिरला. तिचं नावच रोम. सैतान त्याला घेऊन आकाशात उडाला. त्या उंचीवर, सगळी चलाखी संपल्यावर, त्याला लहानपणी म्हणत असलेलं मरियेचं स्तवन आठवलं आणि तो ते म्हणू लागला. सैतानाची पकड सुटली. पण तो स्वर्गातही गेला नाही. चंद्रावर जाऊन पडला, आणि म्हणतात की अजून तिथंच आहे, न्यायाच्या दिवसाची वाट बघत. पोलिश लोकांना त्याला नरकात टाकवलं नाही आणि सरळ स्वर्गातही नेववलं नाही. या अडकलेपणात मला त्यांची मोठी प्रामाणिकता दिसते. आपल्या ओळखीची निम्मी माणसं आपण मनात अशीच चंद्रावर ठेवलेली असतात.

४. १५८७ हे एकच साल, आणि त्यात दोन गोष्टी. त्या वर्षी फ्रँकफुर्टला योहान श्पीस या मुद्रकानं डॉक्टर फाउस्टची कथा छापली. ज्ञान आणि सुख यांसाठी फाउस्ट रक्तानं सही करतो आणि चोवीस वर्षांची मुदत घेतो. मुदत संपते. शेवटच्या रात्री तो रडतो, आपल्या विद्यार्थ्यांना सावध करतो, पण आपल्याला माफी मिळू शकते यावर त्याचा विश्वास बसत नाही. सकाळी त्याचा छिन्नविच्छिन्न देह सापडतो. पुस्तक लुथरपंथी वळणाचं, धाक घालण्यासाठीच लिहिलेलं. थिओफिलससाठी धावून आलेली मरिया त्यात नाही. थोड्याच वर्षांत इंग्लंडमध्ये मार्लोनं त्यावर नाटक लिहिलं, त्यातही फाउस्ट बुडतोच.

त्या वर्षाच्या सुरुवातीच्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी जवळजवळ सहा आठवडे झोपेविना, अन्नाविना झुरत होता. त्यानं कोणाशीही सौदा केलेला नव्हता. देवानं काही जणांना आधीच नरकासाठी ठरवून ठेवलं आहे या त्या काळच्या वादानं त्याला घेरलं होतं, आणि त्यांतला एक मी आहे अशी त्याची खात्री झाली होती. १५८७च्या सुरुवातीला तो एका चर्चमध्ये मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला. पुढच्या जन्मात तुझ्यावर प्रेम करणं माझ्या नशिबी नसेल, तर निदान या जन्मात तरी पूर्ण करू दे, अशा अर्थाचं काहीतरी तो देवाला म्हणाला. आणि ते ओझं एकदम उतरलं. त्याचं नाव फ्रान्सिस द सेल्स. पुढे तो जिनिव्हाचा बिशप झाला, अतिशय मवाळ बोलणारा म्हणून ओळखला गेला, संत झाला. आपल्या शहरातलं कॅथेड्रल त्याच्याच नावाचं आहे.

त्याचं हे झुरणं मला उशिरा कळलं आणि कळल्यावर मी हललेच. अ‍ॅनसी हे फ्रान्सिस द सेल्सचं गाव. तिथे १८३८ साली त्याच्या नावानं एक धर्मसंघ निघाला. त्याचे फादर भारतात आले, नागपूरकडून निजामाच्या मुलखात उतरले आणि गोदाकाठच्या आमच्या खेड्यांत राहिले. १९७७ मध्ये आपला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २४ जानेवारीला त्याचा सण होतो, शाळांना त्याचं नाव आहे, मुलं त्याचं चित्र बघत मोठी होतात. पण हा माणूस एकदा स्वतःच्या तारणाची आशा पार सोडून बसला होता, हे सणाच्या दिवशी फारसं कानावर येत नाही. मी वर्गात सांगायला सुरुवात केली तेव्हा दहावीची एक मुलगी वर्ग संपल्यावर थांबली. काही बोलली नाही. फक्त त्या चर्चमध्ये तो किती वेळ बसला होता, असं विचारलं.

फाउस्टचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. अडीचशे वर्षांनी गटेनं, जो स्वतः कॅथलिक नव्हता, नाटकाचा दुसरा भाग लिहून पुरा केला. तो १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात देवदूत फाउस्टला सैतानाच्या हातून काढून नेतात, आणि वर मरियेपुढे त्याच्यासाठी रदबदली करते ती ग्रेटशेन, जिचं सगळं आयुष्य यानंच उद्ध्वस्त केलेलं असतं. थिओफिलसची जुनी कथा अशी मागच्या दारानं परत आली.

५. चर्चनं हजारो संतांची नावं जाहीर केली आहेत, पण अमुक माणूस नरकात गेला असं एकाही नावापुढे लिहिलेलं नाही. नरक आहे, हे चर्च शिकवतं. माणूस देवाला कायमचा नकार देऊ शकतो, हेही शिकवतं. शेवटी सगळेच वाचणार अशी हमी कोणी देऊ नये, म्हणून ओरिजेनच्या नावानं चालत आलेला तसा सिद्धान्त सहाव्या शतकातच बाजूला सारला गेला. पण हमी वेगळी आणि आशा वेगळी. विसाव्या शतकात हान्स ऊर्स फॉन बाल्थाझार या स्विस धर्मपंडितानं हेच मांडलं की सगळ्यांसाठी आशा बाळगायला आपल्याला मुभा आहे, किंबहुना ते आपलं कर्तव्य आहे. त्यावर मोठा वाद झाला.

मुलं लगेच विचारतात, “मग यहूदा?” तीस नाण्यांचा सौदा. बायबलमधला सैतानी करार म्हटलं तर तोच. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, यहूदानं पैसे परत नेऊन टाकले होते. आपण निरपराध माणसाला धरून दिलं, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. दुसरी, फ्रान्समध्ये वेझले गावाच्या जुन्या चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर बाराव्या शतकातलं कोरीव काम आहे. एका बाजूला गळफास घेतलेला यहूदा. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचा देह खांद्यावर टाकून चालला आहे, मेंढपाळ कोकरू नेतो तसा. तो येशूच, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. पोप फ्रान्सिस यांना हे शिल्प फार प्रिय होतं. त्या कोरक्याला कोणी परवानगी दिली होती की त्यानं आपल्या जबाबदारीवर ते कोरलं, याचा मी पुष्कळदा विचार करते.

६. पैठणला गेले की मला आपली एक करारकथा आठवते. ती युरोपातल्या सगळ्या कथांहून मला जवळची आहे. एका गरीब ब्राह्मणाला पैशांची निकड होती. गावातल्या टवाळांनी त्याला सांगितलं, एकनाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो. तो नाथांच्या घरी गेला, सोवळं मोडून त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, भेटीची केवढी ही ओढ. जेवायला बसला, गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी बायकोला एवढंच सांगितलं, सांभाळा, पाहुणा पडेल. त्या म्हणाल्या, हरी लहान असताना पाठीवर बसायचाच की, मला सवय आहे. ब्राह्मण रडायला लागला आणि सौदा सांगून मोकळा झाला. तेव्हा नाथ म्हणाले, आधी बोलला असतास तर मी रागावलो असतो, तुझे पैसे तरी बुडाले नसते.

मी हे शेवटचं वाक्य ख्रिस्ती मुलांना पैठणच्या वाटेवर, बसमध्ये सांगितलं आहे. नाथांचं नाव राहावं की या माणसाचं काम व्हावं, यात नाथांना क्षणभरही विचार करावा लागत नाही. सौद्यात अडकलेल्यासाठी स्वतःची कीर्ती सोडून द्यायची तयारी म्हणजे काय, ते मला पैठणच्या या वाड्यानं शिकवलं. क्रुसाचा अर्थ समजावताना मला दुसरी इतकी सोपी कथा मिळालेली नाही.

७. मुलं नेहमी शेवटचा प्रश्न विचारतात, आणि तो असा असतो: “सैतानासाठी प्रार्थना केली तर चालते का?” पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी गप्प राहिले. चर्चचं उत्तर स्पष्ट आहे: देवदूतांची निवड एकदाच आणि कायमची, त्यांना परतीची वाट नाही. मी तेच सांगते. पण विचारणारा मुलगा मराठी गोष्टींवर वाढलेला असतो. त्याच्या आजीच्या गोष्टीतला मुंजा पिंपळावर बसतो तो मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मेला म्हणून. ब्रह्मराक्षसाला शाप असतो आणि शापाला उःशाप. आपल्याकडचं भूत सहसा दुष्ट नसतं, अडलेलं असतं. कोणीतरी त्याचं राहिलेलं पुरं केलं की ते सुटतं. त्यामुळे कायमचा बुडालेला कोणी असू शकतो, ही कल्पना आमच्या पोरांच्या गळी उतरतच नाही. मी फार जोर लावत नाही.

८. आशेला किती थोडी जागा पुरते, हे मी माझ्या चुलत्याच्या दफनाच्या वेळी पाहिलं. एका दुष्काळी वर्षी त्यानं आपलं जीवन आपणच संपवलं. कारणं गावाला माहीत होती. सगळ्यांच्याच घरात तीच होती. पण देह घरात असताना ओसरीवर कुजबुज सुरू झाली की याला आता चर्चची घंटा नाही, आशीर्वादलेली माती नाही. जुन्या माणसांना जुना नियम आठवत होता. १९१७च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला चर्चचे अंत्यसंस्कार नाकारले जात. १९८३च्या नव्या संहितेत ती अट राहिली नाही, पण गावाच्या मनातून नियम जायला वेळ लागतो.

फादर आले ते सरळ काकूपाशी जाऊन बसले. त्यांनी तिला फ्रान्समधल्या आर्स गावच्या जॉन व्हियानींची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकातल्या या साध्या गावपाद्र्याकडे एक विधवा आली होती. तिच्या नवऱ्यानं पुलावरून उडी घेतली होती. ती गर्दीत मागं उभी होती, तोंडातून शब्दही काढलेला नव्हता. व्हियानी तिच्या जवळून जाताना थांबले आणि म्हणाले, तो वाचला आहे. पूल आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. मग फादरांनी पूर्ण मिस्सा केली, घंटा वाजली, कबरीवर पवित्र पाणी शिंपडलं. देवाच्या दयेचा हिशेब आपण करायचा नाही, असं ते मातीच्या ढिगापाशी गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. काकू आज म्हातारी आहे. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, ती कबरीवर मेणबत्ती लावते आणि पुन्हा पुन्हा तेच बोलते. पूल नि पाणी. आमच्या गावात ना पूल आहे ना त्या दिवसांत ओढ्याला पाणी होतं.

९. पाप्याच्या तारणाची आशा ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडून मागायची नसते. हे मला एका बाईनं शिकवलं. आम्ही घरोघरी जपमाळेला जमतो. १९१७ साली फातिमाला मरियेनं लहान मुलांना शिकवलेली म्हणून एक प्रार्थना दर दहा मण्यांनंतर म्हटली जाते. तिच्यात सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने असं मागणं असतं, आणि ज्यांना दयेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना आधी. त्या बाईच्या तरुण मुलाला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकानं उडवलं होतं. जपमाळ संपल्यावर ती म्हणाली, “मी ही ओळ म्हणत नाही. ती ओळ आली की गप्प बसते. चालेल ना?” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी चालेल म्हटलं. आजही माझं तेच उत्तर आहे.

कारण क्षमेच्या ज्या कथा आपल्याला हलवून सोडतात, त्यांत देणारा आपल्या पायांनी चालत आलेला असतो. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरला भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकारांच्या विळख्यातून लोक सुटायला लागले, ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना भाडोत्री मारेकऱ्यानं त्यांना भोसकून मारलं. काही वर्षांनी त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानं खटपट केली. तो सुटून बाहेर आला, राणी मारियांच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं तेव्हा तो हजर होता. ही कथा मी वर्गात सांगते, जपमाळेच्या घरात सांगत नाही. तिथं ती बाई बसलेली असते. एका आईनं क्षमा केली याचा दुसऱ्या आईवर दाब येता कामा नये.

बाकीच्यांनी मात्र, ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांनी, आशा करावी. लिझ्यूच्या तेरेजानं चौदा वर्षांची असताना हेच केलं. १८८७ साली पॅरिसमध्ये दोन बायका आणि एका लहान मुलीच्या खुनाबद्दल प्रान्झिनी नावाच्या माणसाला मृत्युदंड झाला होता. त्याला कसलाही पश्चात्ताप नव्हता. ही मुलगी त्याला कधी भेटली नव्हती. तिनं त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली, बहिणीला गाठून त्याच्या नावे मिस्सा सांगितली, आणि देवाकडे फक्त एक खूण मागितली. ३१ ऑगस्टला त्याला गिलोटिनपाशी नेलं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्तमानपत्र उघडलं. ऐन वेळी त्यानं वळून पाद्र्याच्या हातातल्या क्रुसाचं तीनदा चुंबन घेतलं होतं. पुढे ती त्याला आपलं पहिलं लेकरू म्हणायची.

१०. माझा भाऊ हे सगळं ऐकून घेतो आणि मान्य करत नाही. त्याला मी माझ्या रोजच्या प्रार्थनेत कोणाकोणाची नावं घेते ते माहीत आहे, आणि त्यात आमची जमीन नेणाऱ्या सावकाराचं नाव आहे. “त्याला स्वर्ग, आणि आपल्या पोरांना एमआयडीसीत कंत्राटी काम,” तो म्हणतो. मी त्याला थिओफिलसचं सांगते. तो म्हणतो, थिओफिलसनं भरल्या चर्चमध्ये सांगितलं, कागद सगळ्यांसमोर जाळला. यांनी कुठं काय जाळलं? आणि मग तो माझंच शुभवर्तमान काढून माझ्यापुढे ठेवतो. जक्कय जकातदारांचा मुकादम होता, लुबाडलेलं धन त्याच्या घरात होतं. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, माझं अर्धं गरिबांना, आणि ज्याचं मी फसवून घेतलं त्याला चौपट परत. तारण घरात आलं असं येशू म्हणतो, ते त्यानंतर.

यावर मला वाद घालता येत नाही, आणि घालायचाही नाही. गेलेलं परत न देता केलेला पश्चात्ताप अर्धाच असतो, हे त्याचं म्हणणं चर्चचंही आहे. चोरीचा माल परत द्यावा लागतो, नुसत्या कन्फेशननं भागत नाही. मी त्याला एवढंच म्हणते की सावकार मेला, आता परत द्यायचं ते त्याच्या नातवांच्या हातात आहे आणि त्यांतला एक तुझ्या ओळखीचा आहे. तो म्हणतो, तहसीलमध्ये जुने फेरफार बघायला हवेत, आजोबांच्या अंगठ्याचा मूळ दस्त तिथं सापडेल. पुढच्या आठवड्यात तो वैजापूरला जाणार आहे. मी सोबत येईन म्हटलं आहे.